कानबाईची भिंत

नानांनी चुलीतला विझलेला कोळसा उचलला, काठी माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडच्या भिंतीवर एक चौकोन काढला. इतका मोठा, की गवंड्यानं आधी चौकोनाकडे पाहिलं, मग नानांकडे, मग माझ्या नवऱ्याकडे आणि शेवटी माझ्याकडे. या घरात शहाणं कोण आहे याचा तो अंदाज घेत होता. मी नजर चुकवली.

"नाना, ही खिडकी आहे का दुकानाचं शटर?" नवरा म्हणाला.

"काच शे," नाना म्हणाले. "मन्ही काच."

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांनी सगळी हयात एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं धुळे-साक्री रस्त्यावर. ड्रायव्हर माणसाच्या डोळ्यांपुढे जन्मभर एक मोठी काच असते आणि तिच्यातून दुनिया आपणहून त्याच्याकडे चालत येते. निवृत्तीनंतर ती काच गेली. जळगावात आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांची खाट टाकायला एकच जागा होती, तीही भिंतीकडे तोंड करून. कसं वाटतं असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बंद पडेल गाडीमा बसनागत."

हे घरही त्यांनी काचेतूनच पाहिलेलं. साक्रीच्या अलीकडे रस्ता वळतो, तिथं गावाच्या कडेला एकटं धाब्याचं घर, पुढे कडुलिंब, मागे विहीर. रोज दुपारी गाडी वळली की ते घर काचेच्या डाव्या कोपऱ्यात उगवायचं आणि उजव्या कोपऱ्यात मावळायचं. पूर्वी लोक बायको पसंत करायचे तसं नानांनी ते घर पसंत केलं: लांबून, एक शब्द न बोलता, आपल्याला मिळणार नाही अशी खात्री बाळगून. आणि एके दिवशी तिथल्या चहावाल्याचा फोन आला की घरवाले सुरतला गेले, विकायचं म्हणतात.

पैशांची गोष्ट मी सांगणार नाही. ती सगळ्यांची सारखीच असते आणि ऐकणाऱ्याला जांभई येते. सुरतहून मालक आला, चाळिशीतला, अबोल, सतत घड्याळ बघणारा. त्याची आई आली नव्हती. "तिला प्रवास झेपत नाही," म्हणाला. आम्ही सगळं विचारून घेतलं. विहिरीत वाटा कुणाचा, बांध कुठला, पायवाट कुणाची, लिंब कुणाचा. देवांचं तेवढं कुणी विचारलं नाही. घर विकणाऱ्याला 'तुमचे देव आता कुठं बसणार' असं आमच्याकडे विचारत नाहीत. कोणत्या तोंडानं विचारणार?

घर ताब्यात आलं त्या दिवशी नानांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, आत जाऊन चारी खोल्या पाहिल्या, विहिरीत वाकून पाहिलं, आणि संध्याकाळी जळगावला जायच्या गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

"नाना, राहायचं नाही का आज? सतरंजी आणलीये," मी म्हटलं.

"पहिला मुक्काम तिना," ते म्हणाले. "ती बसी, मंग मी निजसू."

ती म्हणजे कानबाई.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. कानबाई ही आमची कुळाची आई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक नारळ असतो. त्याला डोळे, नथ, हळदीकुंकू, चौरंग, केळीचे खांब. भाऊबंद जिथं कुठं पोट भरत असतील तिथून येतात. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मुठी गहू घेऊन दळायचे आणि त्याचे रोट करायचे. (माझ्या नावाची एक मूठ मी दरवर्षी गुपचूप टाकते. देवीनं अजून तक्रार केलेली नाही.) ते रोट फक्त कुळानं खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, नाचत नदीवर न्यायचं, आणि तो कुळाचा नारळ पुन्हा घरी आणून जपून ठेवायचा.

आमचा नारळ लोखंडी पेटीत असायचा, कारण घर म्हणावं असं घरच नव्हतं. नानांची बदली होईल तशी पेटी हलायची. श्रावण जवळ आला की नाना इस्त्रीचा शर्ट घालून घरमालकाकडे जायचे. कानबाई बसवायची आहे, चार माणसं येतील, रात्रभर गाणी होतील, चालेल का? बहुतेक जण हो म्हणायचे. पण खिळा ठोकायचा नाही, भिंतीला रंग लावायचा नाही. यावर माझ्या सासूबाईंनी तोड काढली होती. त्यांचा लग्नातला जांभळा शालू. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दाराच्या बिजागरीला, खालच्या काठात वरवंटा. त्याच्यापुढे चौरंग. आमच्या कानबाईच्या पाठीशी जन्मभर भिंत नव्हती, तो शालू होता.

एका वर्षी एक मालक नाही म्हणाला. गर्दी होते, म्हणाला. नानांनी वाद घातला नाही. कानबाई पेटीतच राहिली. सोमवारी ते ड्यूटीवर गेले. वाटेत एका गावात कानबाईंची मिरवणूक रस्ता ओलांडत होती. एकीमागून एक बाया डोक्यावर चौरंग घेऊन चाललेल्या, पुढे वाजंत्री. नानांनी गाडी बंद केली, टोपी काढली आणि शेवटची बाई नदीच्या वाटेला लागेपर्यंत हॉर्नला हात लावला नाही. मागं प्रवासी ओरडत होते म्हणे. हे मला सासूबाईंनी सांगितलं. नाना कधी बोलले नाहीत. सासूबाई पुढे वारल्या, त्याही भाड्याच्याच खोलीत.

म्हणून, श्रावणातल्या त्या रविवारी कानबाई स्वतःच्या घरात बसवायची, कुणाला न विचारता, हे ठरलं. तोवर नाना त्या घरात रात्र काढणार नव्हते. आणि त्यांची प्रकृती अशी झाली होती, की पुढच्या श्रावणाचा भरवसा डॉक्टर देत नव्हता आणि नाना मागत नव्हते.

मग आमची धावपळ सुरू झाली. दर शनिवारी जळगावहून पहाटेची गाडी, धुळ्याला बदल, दहाच्या सुमारास दारात. धाब्याची डागडुजी उन्हाळ्यातच उरकायला हवी होती. धाबं म्हणजे लाकडी सऱ्यांवर फळ्या, त्यावर मातीचा थर आणि सगळ्यांत वर खारी, म्हणजे पाणी न पिणारी पांढरट माती. ती दरवर्षी टाकावी लागते, नाहीतर पहिल्या जोराच्या पावसात देव, धान्य आणि माणसं एकाच गळतीखाली येतात. माझा नवरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस. तो खारीची घमेली वाहताना नाकाला रुमाल बांधायचा आणि प्रत्येक घमेल्यानंतर हात धुवायचा. शेजारच्या शेतातल्या बाया काम थांबवून त्याला बघायच्या. एकीनं मला विचारलं, "वहिनी, भाऊ डाक्टर शेतस का?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती दर शनिवारी गुडघे दाखवायला यायची आणि तो दर शनिवारी संतापायचा.

आणि मग ती काच.

भिंत दोन हात रुंद, मातीची. गवंड्यानं पहिली पहार घातली तेव्हा आतून चुन्याचा पापुद्र्यामागून पापुद्रा सुटू लागला. वर पांढरा, त्याखाली गेरूचा तांबडा, पुन्हा पांढरा, पुन्हा तांबडा, कुठं निळा. कोळशाच्या चौकोनाच्या बरोबर मध्ये गेरूचा एक जुना चौकोन होता आणि त्यात हळदीच्या हातांचे पुसट ठसे, एकावर एक.

गवंडी थांबला. "हे काहीतरी देवाचं दिसतं."

आम्ही तिघं पुढं झालो. नीट पाहिलं. नवरा म्हणाला, लग्नातलं असेल. मीही म्हटलं, लग्नातलंच. नानांनी ठशांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "पोरींस्ना हात शेतस. सासरले जाताना उमटाडेल." आणि टोपी सरळ करून गवंड्याला खूण केली.

खानदेशातल्या कुठल्याही घरात वाढलेल्या पोरानं सांगितलं असतं की ही कानबाईची भिंत. दरवर्षी चुना, दरवर्षी गेरू, दरवर्षी ठसे. पण आम्ही कुठल्या भिंतीवर शिकलो होतो? आमची कानबाई बिजागरीला बांधलेल्या शालूपुढं बसणारी. हळदीचा हात भिंतीवर उठवला असता तर मालकानं सामान बाहेर काढलं असतं. अख्ख्या जिल्ह्यात ती भिंत न ओळखणारं एकच कुटुंब असेल, आणि तेच ते घर घेऊन बसलं होतं.

भिंतीतून निघालेली माती फेकायला कुणाचंच मन धजेना. चांगली, मुरलेली माती. नवऱ्यानं तिचा खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला लांबलचक ओटा घातला. मी वरून शेणानं सारवला. धुळ्याहून चौकट आली, काच आली. काच बसली तेव्हा नाना खाट तिच्यासमोर ओढून बसले. साक्रीकडून एक एसटी आली, वळली, डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात गेली. नानांनी डावा पाय थोडा पुढं सरकवला, जिथं क्लच असतो तिथं.

गावात घराला नाव पडलं, नानानी यष्टी. पोरं ओट्यावरून पळताना दोनदा घंटी मारल्याचा आवाज काढत.

तो रविवार उजाडला. आम्ही आदल्या दिवशीच येऊन पडलो होतो. नाना मात्र सकाळच्या गाडीनं, पेटी मांडीवर घेऊन आले. बोदवडहून चुलत दीर सहकुटुंब आले, आणखी दोन-तीन घरची माणसं आली. खिडकीच्या समोरची, आतली भिंत मी स्वतः चुन्यानं पांढरी केली होती. नानांच्या देखत गेरूचा चौकोन काढला.

"शालू बांधायचा का?" नवऱ्यानं पेटी उघडत विचारलं.

"कसाले?" नाना म्हणाले. "आते भित शे ना."

शालू पेटीतच राहिला. नानांनी नारळ काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. चौरंग भिंतीला टेकला, केळीचे खांब उभे राहिले. चुलीवर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, रोटांचं पीठ परातीत. नवऱ्यानं उदबत्ती शोधायला सुरुवात केली, म्हणजे ती सापडायला अजून वेळ होता.

त्याच वेळी दारात एक जीप थांबली.

मला वाटलं आणखी कुणी भाऊबंद असतील. जीपमधून आधी दोन बाया उतरल्या, मग तो घड्याळ बघणारा सुरतचा माणूस, मान खाली. आणि मग त्यानं हात देऊन एका म्हातारीला उतरवलं. बारीक चणीची, हिरवं लुगडं, पदराखाली दोन्ही हातांत काहीतरी धरलेलं. ती कुणाकडे न बघता चालत आली. आमच्या उंबऱ्यापाशी एक वर आलेला दगड आहे. आम्ही सगळे त्याला ठेचकाळतो, मी तर रोज. तिनं तो न बघता ओलांडला. ओसरी ओलांडली. आतल्या खोलीत शिरली, रस्त्याच्या बाजूला वळली आणि उभी राहिली.

समोर काच होती. काचेत कडुलिंब, रस्ता आणि एक म्हैस.

"भित कोठे गयी?" ती म्हणाली.

"मन्ही भित कोठे गयी रे?" आता तिनं मुलाला विचारलं. "तू त बोलना व्हता, बठ्ठं तसंच शे."

"माले काय माहीत, माय," मुलगा पुटपुटला.

तिनं पदर बाजूला केला. हातात नारळ होता. जुना, काळा पडलेला, नथ घातलेला. त्याच्याकडे पाहिलं आणि आमच्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. मी हळदीच्या ठशांचा हिशेब त्या क्षणी जुळवला, नवरा उदबत्ती शोधायचा थांबला, आणि नाना खाटेवरून उठले.

"कोनी पाडी?"

"मी पाडी, अक्का," नाना म्हणाले.

"कसाले?"

नाना खोटं बोलू शकले असते. पावसानं ढासळली म्हणता आलं असतं, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. "यष्टी देखाले," ते म्हणाले.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसले असते.

बोदवडचा दीर पुढं झाला. त्याचा स्वभाव सरळ आणि आवाज मोठा. "अक्का, रागावू नका, पण घर तुम्ही विकलं ना? सह्या झाल्या ना? मग?"

म्हातारीनं त्याच्याकडे मान वळवली. "घर इकं. इकं ना, नाही कोन म्हनस? पन भाऊ, कानबाई इकी का आम्ही? कोन इकस कानबाई?" मग आवाज उतरला. "माले वाटनं, घर कोनंबी राहो, एक दिन तिनी भित तिले भेटी. इतलंच."

मुलगा म्हणाला, "माय, चाल. सुरतले करूत."

"तठे कोठे करशी?" ती म्हणाली. त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

आमच्या बायका कुजबुजू लागल्या. दोन कुळांच्या कानबाई एका खोलीत कशा बसणार, रोट कुणाचे कुठे भाजायचे, कुणाचा हात कशाला लागला तर काय. चुलत जाऊ माझ्या कानात म्हणाली, "आता हिला घालवणार कोण?" सगळे नानांकडे बघत होते. घर त्यांचं, दिवस त्यांचा. या एका दिवसासाठी ते किती घरमालकांच्या दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले होते, हे आम्हाला माहीत होतं. आता पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या दारात उभं होतं.

नाना चौरंगापाशी गेले आणि एका बाजूनं त्याला हात घातला.

"सूनबाई, दुसरीकडून धर."

"नाना, काय करताय?" नवरा म्हणाला.

"त्या मझार बसाडतीन. आपली ओट्यावर बसी."

"नाना, जन्मभर थांबलात तुम्ही याच्यासाठी!"

"म्हनीसनच सांगी ऱ्हायनू," नाना म्हणाले. "धर."

मी धरला. चौरंग उचलला गेला, कळशी हलली, केळीचा एक खांब माझ्या खांद्यावर पडला. दीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याला बघवेना. मलाही बघवत नव्हतं, पण माझ्या हातात चौरंग होता.

"थांब, भाऊ," म्हातारी म्हणाली.

आम्ही थांबलो.

"भितनी माटी कोठे टाकी?"

नवऱ्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "फेकली नाही अक्का. बाहेर ओटा घातला त्याचा."

ती बाहेर गेली, चौरंगाची आपली बाजू माझ्या नवऱ्याच्या हाती देऊन नाना आणि बाकीचे तिच्यामागं; मी चौरंग धरून आतूनच, काचेतून बघत होते. श्रावणाची भुरभुर चालू होती. ओट्यापाशी ती उकिडवी बसली आणि नखानं सारवण खरवडू लागली. कडेला थोडं शेण निघालं, मग माती, आणि मातीत चुन्याचा एक पापुद्रा, त्याला चिकटलेला गेरू. तिनं त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ तसंच ठेवलं.

"हाईच ती," ती म्हणाली. "उभी व्हती, आते आडी व्हयनी." आणि नानांकडे न बघता म्हणाली, "तुमनी मझार राहू द्या. मन्ही आठे बसी. तिनी माटीवर."

"पानी शे, अक्का," नाना म्हणाले. "तुम्ही मझारच..."

"नको."

"वल्ली व्हयी ती."

"व्हवू द्या."

दोघंही आता आपापली कानबाई बाहेर बसवायला भांडत होते, आणि तेवढ्यात मी चौरंग खाली ठेवला, कारण माझे हात गळून गेले होते. तो जिथं टेकला ती जागा नेमकी त्याच्या मूळ जागेच्या आसपासच होती. बायका म्हणतात मी मुद्दाम केलं. म्हणोत बापड्या.

नाना आत गेले, पेटी उघडली आणि शालू घेऊन आले. एक टोक खिडकीच्या चौकटीला, दुसरं कडुलिंबाच्या फांदीला. जांभळा रंग, ज्याच्यापुढे आमची कानबाई वर्षानुवर्षं बसली, तो आता दुसऱ्या कुळाच्या कानबाईवर छत होऊन ताणला गेला. म्हातारीनं वर पाहिलं, काठाचा पोत बोटांनी चाचपला.

"कोना शे?"

"घरवालीना," नाना म्हणाले.

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि नारळ ओट्यावर बसवला.

त्या दिवशी आमच्या घरात दोन चुली पेटल्या, एक आत, एक लिंबाखाली तीन दगडांची. दोन्हीकडे गंगाफळाची भाजी, दोन्हीकडे रोट, दोन्हीकडून एकच वास, आणि कुणी कुणाला घास देऊ शकत नव्हतं. दारात आलेल्याला उपाशी बघणं खानदेशी माणसाला किती जड जातं, हे मी तिथं पाहिलं. दीर चारदा भांडं घेऊन उठला आणि चारदा बसला. शेवटी मीच चहा टाकला. म्हातारीपुढे कप धरला तर ती माझ्याकडे रोखून बघत राहिली.

"चहाले कोन्तं कुळ शे?" ती म्हणाली, आणि घेतला. मग काचेकडे हनुवटी उडवून म्हणाली, "पन सूनबाई, खिडकी भलतीच मोठी करी तुम्ही. चोरले आवतन देवानं शे का?"

भिंत तिनं माफ केली नव्हती. शेवटपर्यंत केली नाही. पण चहा दुसऱ्यांदा मागितला.

गाणी सुरू झाली. आतल्या बायांनी एक ओळ म्हटली की बाहेरच्या पुढची उचलायच्या. गाणी काही कुळाकुळाची वेगळी नसतात. आमची कानबाई आतल्या भिंतीला टेकून काचेकडे बघत होती. तिची कानबाई बाहेर, काचेपलीकडे, शालूखाली. मध्ये नानांची खाट. ते एकदा हिच्याकडे बघायचे, एकदा तिच्याकडे, आणि मधूनच रस्त्याकडे. एसटी आली की हात थोडा वर करायचे.

सोमवारी सकाळी दोघी नदीवर गेल्या. आमची माझ्या डोक्यावर, तिची तिच्या सुनेच्या. वाजंत्री एकच होते, त्यामुळे नाचही एकच झाला. परत आल्यावर जीप सुरू झाली, माणसं बसू लागली. मी ओट्याची थोडी माती फडक्यात बांधून म्हातारीपुढं धरली.

"घेऊन जा, अक्का. पुढच्या वर्षी तिच्यापाशी ठेवा."

"नको," ती म्हणाली. "तिले तिनं घर शे. ती आठेच राहू द्या."

"मग सुरतेला कुठं बसवाल?"

तिनं मुलाकडे पाहिलं. तो आरसा पुसत होता. ती हळू बोलली, पण नानांना ऐकू गेलं, "खोली भाडानी शे. मालक खिया ठोकू देत नही."

नाना ओट्याकडे गेले. शालूची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला, कुणी मदतीला पुढं झालं नाही. त्यांनी शालू झटकला, चारपदरी घडी केली आणि माझ्या नवऱ्यापुढं उभे राहिले. आई त्याची होती.

"देऊ का?"

नवऱ्यानं मान डोलावली.

मग म्हातारीला मी शिकवलं. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दाराच्या बिजागरीला, खालच्या काठात वरवंटा. तिनं दोनदा म्हणून दाखवलं. "बिजागरीले," ती स्वतःशीच म्हणाली, जीपमध्ये बसताना. नारळ आणि शालू दोन्ही मांडीवर होते. नानांनी हात जोडले, तिनंही जोडले, आणि जीप वळणावरून गेली.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली. मी शाळेत शिकवते, दुसऱ्या दिवशी जावंच लागणार होतं. नेहमीच्या सवयीनं मी नानांची पिशवी भरली, औषधं घातली, काठी शोधली आणि त्यांना उठवायला गेले. ते काचेसमोर खाटेवर झोपले होते. तोंड उघडं, टोपी छातीवर, घोरणं असं की गाडी चढावर असावी. ज्या माणसानं आयुष्यात एक गाडी चुकवली नाही, त्याच्या उशाशी मी पिशवी घेऊन उभी राहिले, आणि मग औषधं एकेक करून पुन्हा फळीवर लावली.

"तू जा," नवरा दारातून म्हणाला. "मी थांबतो."

थांबा घराच्या अलीकडे आहे. गाडी आली. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, जिथून पुढची काच सगळी दिसते. गाडी वळली आणि डाव्या कोपऱ्यातून लिंब आला, मग ओटा, मग ती भलीमोठी खिडकी, आणि तिच्यात एक खाट. ड्रायव्हरला ही खिडकी आता माहीत होती. त्याचा हात हॉर्नकडे गेला.

"नको, भाऊ," मी म्हटलं. "झोपलेत."

त्यानं हात मागं घेतला.